उलटं करून बघा

"वितळवलं तर किती येतील गं?"

मुखवटा अजून माझ्या हातातच होता. चांदीचा, तळहाताएवढा, खानापूरकडच्या आमच्या एका वर्गमित्राने धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून आणलेला. कुलदेवतेचा. नाकाचा शेंडा चपटा झालेला, भुवयांच्या रेषा डाव्या बाजूला जवळजवळ पुसलेल्या, कारण घासणारीचा उजवा हात तिथे जास्त जोराने फिरतो. दर अमावस्येला चिंच आणि रांगोळी लावून घासणाऱ्या किती सासवा-सुनांनी ते नाक झिजवलं असेल कोण जाणे. मी तो उलटा करून सगळ्यांना दाखवत होते. आतल्या बाजूला हातोडीचे बारीक ठोके, आणि कानाच्या पाळीच्या खोबणीत, टाचणीच्या टोकाने खरवडली तर निघेल एवढी काळी राळ. म्हणजे पत्रा राळेवर बसवून ठोकून उठवलेलं काम, साच्यातून ओतलेलं नव्हे. हनुवटीशी नंतर कुणीतरी झाळण, म्हणजे जोडाचा डाख, लावलेलं, तेही घाईत. मी बरीच रंगले होते सांगण्यात. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग हा प्रश्न.

त्यात लोभ नव्हता, हे आधीच सांगते. चांदीचा भाव चढलेला, मुलीच्या कॉलेजची फी भरायची मुदत तोंडावर, आणि घरात विकण्यासारखं म्हणून जे काही होतं ते देवघरात. त्याने विचारलं ते सरळ होतं. मीही सरळ सांगितलं, वजन इतकं, टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, काढल्याशिवाय नक्की नाही, झाळणाची घट धरली तर अंदाजे अमुक. आकडा माझ्या तोंडून निघाला. पण नंतर कितीतरी दिवस हातात काही घेतलं की तो प्रश्न कानाशी यायचा.

हा रविवारचा उद्योग सुरू कसा झाला ते सांगायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत हस्तव्यवसाय शिकलेली आम्ही काही मंडळी आहोत. कुणी धातुकाम, कुणी सिरॅमिक, कुणी कापड, कुणी घरसजावट. परत आल्यावर ज्याचं त्याने पोट शोधलं. बरेचसे ड्रॉइंग मास्तर झाले. एक जण देवांचे मुकुट आणि प्रभावळी करतो. दोघं फर्निचरची कंत्राटं घेतात. एकाचं वर्षभराचं गणित वैशाखातल्या शिवजयंतीवर चालतं, चित्ररथांचे बुरूज आणि पडदे करण्यावर. मी तेवढी मुंबईत राहिले आणि जुन्या वस्तूंचं व्हॅल्युएशन करत बसले. विमा कंपन्यांसाठी, वाटण्यांसाठी, कधी कोर्टातल्या भांडणांसाठी. गुडघे कुरकुरायला लागले तशी शहापूरच्या घरी परतले. ही मंडळी रविवारी एकत्र येतात, जेवतात, मास्तरांच्या नकला करतात आणि इकडून शिकायला जाणाऱ्या पोरांच्या खोलीभाड्याला हातभार म्हणून काहीतरी वर्गणी काढतात. पहिल्याच बैठकीत निपाणीचे सर म्हणाले, "अक्का, पैसे सगळेच देतायत की. तुम्ही नजर द्या."

नजर द्यायची म्हणजे काय, तर घरातली जुनी वस्तू घेऊन यायचं, मी बघून सांगायचं. मी दोन-चार अटी घातल्या. फी नाही, पण वाटलं तर पोरांच्या डब्यात काय ते टाका. मी स्वतः काही विकत घेणार नाही आणि घेणाऱ्याचं नावही सुचवणार नाही. जो किंमत सांगतो त्यानेच घ्यायचं, हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग. दुसरा रोग किमतीवर टक्केवारी घेण्याचा. टक्केवारी आली की आकडा आपोआप फुगतो, माणूस कितीही सज्जन असो. आणि शेवटची अट म्हणजे खरं सांगणार, मग राग येवो. ही अट सगळ्यांनी हसत मान्य केली. राग यायचे ते आलेच.

नजर ही काही माझी कमाई नव्हती. ती मला दिली आमच्या धातुकामाच्या मास्तरांनी. जे. जे. म्हटलं की लोकांना चित्रकारच आठवतात. पण सर जमशेदजी जीजीभाईंनी लाख रुपये दिले आणि 1857 मध्ये शाळा उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे डोकं होतं ते कारागिरीचं. लॉकवुड किपलिंग तिथे 1865 पासून दहा वर्षं इमारतींवरचं कोरीव काम शिकवत होते. 1891 मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या, आणि आमचा विभाग त्या झाडाची फांदी. पहिल्या वर्षी मास्तरांनी प्रत्येकाला तांब्याच्या पत्र्याची एक गोल चकती दिली. त्यातून वाटी उठवायची. ठोकायचं, तांबं ताठरलं की भट्टीत लाल करायचं, पाण्यात विझवायचं, पुन्हा ठोकायचं. माझी वाटी बाहेरून छान गुळगुळीत झाली. मास्तरांनी बाहेरून पाहिलीच नाही. ती पालथी केली, मग उताणी केली, खिडकीकडे धरून आत डोकावले आणि म्हणाले, "इथं तुला कंटाळा आला होता." आला होताच. बुडापासून दोन बोटं वर ठोके विरळ झाले होते. बाहेर कानस मारून मी ते लपवलं होतं.

पुढे सगळं आयुष्य मी दुसऱ्यांचा कंटाळा हुडकत काढलं.

तर रविवारी काय काय यायचं. खुर्च्या तर विचारू नका. 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकच अधिवेशन, आणि त्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. त्या दिवसांत बेळगावातल्या जेवढ्या खुर्च्यांवर गांधीजी बसले असं आम्हाला सांगण्यात आलं, त्या सगळ्यांवर ते खरोखर बसले असते तर अधिवेशनाला वेळच उरला नसता. त्यातून ते बहुधा खालच्या बैठकीवर बसत, पण हे बोलून वाईटपणा कोण घेणार! खुर्ची मात्र पुष्कळदा खरोखरच देखणी निघते. वाफेवर वाकवलेलं लाकूड, वेताची बैठक, व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 पासून जगभर पाठवलेल्या घाटाची. बैठकीच्या चौकटीला आतून शिक्का किंवा कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. बहुतेक वेळा ती नसते आणि खुर्ची इथल्याच कुणा सुताराने बघून केलेली असते. मला ती नक्कलच जास्त आवडते. कॅम्पातला कुणी गोरा अधिकारी बदलीवर निघाला की सामान विकून जायचा. ते सामान गावात यायचं, आणि आमचे सुतार त्याला फिरून फिरून बघायचे. व्हिएन्नाची सहा नाजूक तुकड्यांची खुर्ची इथे सागवानात आली की मागच्या पायांना असा काही भक्कमपणा येतो, जणू तिच्यावर पैलवान बसणार आहे.

गोल टेबलाची गंमत मी पोरांना नेहमी दाखवते. टेप घ्यायची, आधी लाकडाच्या रेषेबरोबर मोजायचं, मग रेषेला आडवं. लाकूड वाळत जातं तसं आडवं आकसतं, लांबीला जवळपास नाही. म्हणून अखंड फळ्यांचं जुनं गोल टेबल कधीच गोल नसतं. तीस-पस्तीस इंचांत पाव इंचाचा फरक सहज निघतो. टेबल दोन्हीकडून तंतोतंत गोल भरलं की वयाबद्दल जरा सबुरीने बोलावं. स्क्रूचंही तसंच. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूच्या माथ्यावरची खाच मधोमध नसते आणि टोक बोथट असतं. अणकुचीदार टोकाचे यंत्राचे स्क्रू आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. चिकोडीच्या एका कंत्राटदाराने "पेशवाई" म्हणून आणलेल्या पेटीला प्लायवूडचा तळ होता. मी पेटी उलटी केली, तो तळाकडे बघत राहिला, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटला. "तेवीस हजार दिलोय की अक्का ह्याला!" हसू ओसरल्यावर मात्र तो फार वेळ गप्प होता.

भांड्यांवर घातलेली नावं हा माझा स्वतःचा छंद. छिन्नीच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली अक्षरं. तांब्यावर, परातीवर, घंगाळाच्या काठावर. शके 1843 असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे 1921. बाईचं नाव, कुणाकडून आहेर, कधी गावाचं नाव. आपल्या भागातल्या एकाच फळीवर देवनागरी, मोडी आणि कन्नड अशी तिन्ही वळणं शेजारी शेजारी नांदतात. सून कुठून आली ते भांडं सांगतं. माझ्या आजीच्या परातीवर कन्नड अक्षरं आहेत. ती धारवाडकडची. आणि आजी आली ते हे शहापूर सांगली संस्थानातलं, रस्ता ओलांडला की बेळगाव इंग्रजांचं. माणसांच्या हद्दी पुन:पुन्हा आखल्या गेल्या. 1956 ला आम्ही मुंबई राज्यातून तिकडे गेलो, त्यावरून गावात काय काय झालं ते इथे सांगत बसत नाही, वाचणाऱ्याला ठाऊकच आहे. परात आपली त्याच फडताळात.

पण लोकांना ऐकायची असते किंमत.

आणि किंमत एक नसते, हे गळी उतरवता उतरवता माझा जीव जातो. एकच समई घ्या. चोरीला गेली तर तशीच दुसरी बाजारातून आणायला काय पडेल, ती विम्याची किंमत, सगळ्यात मोठी. चार भावांत वाटणी करायची तर मोकळ्या बाजारात घाई न करता मिळतील ते पैसे, ती त्याहून कमी. आणि उद्या सकाळी विकायचीच असेल तर दारात उभा असलेला माणूस देईल ती. याच्याही खाली मोडीची, किलोवर. चारही खऱ्या. मी कोणती सांगते यावर त्या समईचं पुढचं आयुष्य ठरतं. ही ताकद मुंबईत कधी जाणवली नव्हती. तिथे मी अहवाल लिहायचे, सही करायचे, आणि वस्तू कुणाच्या तरी वकिलाबरोबर निघून जायची. इथे मी जिला साधी म्हटलं ती समई दुसऱ्या महिन्यात त्याच घरी चहाला गेले तर दिसत नाही. विचारावं तर घरच्या वैनी म्हणतात, "तुम्हीच म्हटलात की, काही विशेष नाही म्हणून."

त्या मुखवट्याच्या दिवशी माझा आकडा ऐकून खोली जरा शांत झाली, तेव्हा मुकुटवाल्याने हात पुढे केला. तो आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी धाकटा, फारसं बोलत नाही. मुखवटा घेतला, पण माझ्यासारखा उलटा नाही केला. डोळे मिटून अंगठ्याने गालावरून फिरवला. मग म्हणाला, "अक्का, दोन माणसं आहेत ह्यात." गाल आणि कपाळ एकाचं, कान आणि मुकुटाची कड दुसऱ्याचं. पहिल्याचा हात हलका, तो पत्रा वारंवार तापवून घेत पुढे जातो. दुसरा दामटतो, म्हणून कानाशी पत्रा पातळ झालाय आणि तिथेच चीर गेलीय. "बाप-लेक असतील. नाहीतर उस्ताद आणि पोरगं. चेहरा उस्तादानं करायचा, कान शिकणाऱ्याला द्यायचे. आमच्याकडे अजून तसंच." मला राळ दिसली होती, झाळण दिसलं होतं, साधारण काळ सांगता आला होता. कानाचा आणि गालाचा हात वेगळा हे दिसलं नव्हतं, कारण मी हातोडी खाली ठेवून कितीतरी वर्षं झालीत आणि तो रोज ती उचलतो. मला हेवा वाटला, अगदी खरं सांगायचं तर. आणि बरंही वाटलं, की आता खानापूरवाला तरी विरघळेल.

तो विरघळला. मुखवटा वाचला. शंभर वर्षांवरच्या धातूच्या मूर्तीची 1972 च्या कायद्याखाली पुरातत्त्व खात्याकडे नोंद करावी लागते, परदेशात नेता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. आपल्या देवाची सरकारदरबारी नोंद होऊ शकते या कल्पनेनेच त्याची छाती फुगली. पुन्हा धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तो मुखवटा घेऊन गेला, आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

फी मात्र भरायची होतीच. पुढच्या खेपेला त्याने आपण होऊन सांगितलं, अगदी आनंदाने. देवघरातलं बाकीचं चांदीचं घालवलं. ताम्हण, पळी-पंचपात्री, दोन निरांजनं, एक अत्तरदाणी. "तू म्हणालीस ना, मुखवटाच काय तो मोलाचा. बाकी साधं." मी म्हणाले होते. त्या वस्तू मी बघितल्या होत्या आणि माझं म्हणणं बरोबरच होतं. बाजारात कुठेही मिळेल असं ते काम, विशेष घाट नाही, अक्षर नाही, नाव नाही. कुठल्याही व्हॅल्युअरने हेच सांगितलं असतं. पण ती पंचपात्री मला आठवते. काठाला आतून एक बारीक गोलाई होती, ओठाला टोचू नये म्हणून वळवलेली, आणि ती वळण्याला एका संध्याकाळचं काम लागतं हे मला माहीत आहे. कारण मला ती वाटीला जमली नव्हती.

एका वस्तूवर बोट ठेवून 'ही' म्हटलं की उरलेल्या सगळ्यांवर आपोआप 'या नव्हेत' असं लिहिलं जातं, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नाही, कारण तिथे एका वेळी एकच वस्तू टेबलावर यायची. वस्तुसंग्रहालयात जायच्या लायकीचं असतं ते कसंतरी टिकतं. कुणीतरी हळहळतं, कुणीतरी विकत घेतं, निदान फोटो तरी निघतो. जातं ते साधं. बंब, घंगाळ, कळशा, तपेली. कल्हईवाला यायचा बंद झाला, पितळेत शिजवलेलं कळंकायला लागलं, स्टील आलं. मोड घेणारा दुचाकीवर ताणकाटा लटकवून फिरतोच आहे. आणि आम्ही शिकलो ते याच साध्या वस्तूंवरून. मास्तरांनी आम्हाला राजवाड्यातली सुरई नव्हती दिली समोर ठेवून. भायखळ्याच्या बाजारातून आणलेला मोडका तांब्या दिला होता, तो कापून आतून बघा म्हणून.

मग मी निपाणीच्या सरांशी बोलले. रविवार बंद करू या का, असंही एकदा म्हणून पाहिलं. ते ड्रॉइंग मास्तर, लगेच सुटले. "बंद कशाला? चित्र काढायला लावा की! सगळ्यांना येतंय, कुणी काढत नाही." आता पद्धत अशी पडली आहे की वस्तू आली की आधी किंमत नाही. आधी तिचं मापात चित्र. समोरून, वरून, आणि मधोमध कापली तर कशी दिसेल ते. जाडी कॅलिपरने घ्यायची, वजन करायचं, नाव असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासून उतरवायचं. तास-दीड तास जातो. मुकुटवाला हातोडीचं बोलतो, फर्निचरवाले सांध्यांचं, सिरॅमिकवाली बाई एरवी कंटाळलेली असते पण खानापूरच्या मातीची बरणी आली की तिला आवरावं लागतं. चित्र वहीत राहतं, वस्तू ज्याची त्याच्या घरी जाते. त्याने पुढे तिचं काय करायचं ते त्याने बघावं. मी सगळ्यात शेवटी बोलते, आणि पुष्कळदा तोवर किंमत विचारायची राहूनच जाते. नेहमी नाही. खानापूरवाला अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतो.

तक्रारीही आहेत. एक तास चित्र काढत बसायला आम्ही काय पुन्हा फर्स्ट इयरला आहोत का, असं चित्ररथवाला म्हणतो आणि सगळ्यात सुरेख रेष त्याचीच येते. दोघं-तिघं यायचे बंद झाले, त्यांना आकडाच हवा होता, आणि त्यात काही वावगं नाही. त्यांना मी फोनवर सांगते. पुढच्या रविवारी फक्त झारे, उलथनी आणि पळ्या आणायच्या असं मी कळवलं, तर निपाणीच्या सरांचा लगेच फोन. "अक्का, झारे कोण आणणार? लोक हसतील की!"

म्हटलं, हसू देत. तुमच्या आईंचा तो लांब दांड्याचा, तेलात काळा पडलेला आहे ना, तो आधी पिशवीत घाला. आणि घासू नका त्याला.